काठावरची जाहिरात

"जाहिरात काठाले रायते, अंगात नाही." असं म्हणत तो मोबाईलच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, गिऱ्हाइकाला साडी दाखवावी तसा. वाडीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. घराणं विणकरांचं, हा मात्र माझ्यासारखाच बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडणारा कारकून.

डबा उघडा ठेवून मोबाईलमध्ये डोकं घालणारे तुम्हीही पाहिले असतील. हा त्यातलाच, पण स्वतःचं अ‍ॅप घडवत असायचा. आईला कमी दिसायचं, म्हणून त्यानं ते बनवलं होतं. सोशल मीडियावरचं सगळं तेच, फक्त अक्षरं ठळक आणि फोटो पडदाभर. आईमागून कितीतरी म्हातारी माणसं ते वापरू लागली. सर्व्हरचं भाडं जाहिरातींतून निघायचं. पैसे भरले की जाहिराती बंद, अशी सोयही होती. मी कधी भरले नाहीत. माझा चिकटपणा ऑफिसात प्रसिद्ध होता.

एक दिवस तो चेहरा पाडून आला. त्याच्याच अ‍ॅपवर साडीची जाहिरात झळकली होती, 'अस्सल हातमाग, करवती किनार'. आईनं ती त्याच्यापुढे धरली होती.

"पदराची उलटी बाजू पाह्य. धागे लोंबून राहिले. हातमागाची करवत, हे काठाचे दाते, दोन्हीकडून सारखी रायते. हे मशीनचं आहे. काहून गा, आपल्या घरातून खोटं विकून राहिला तू?"

फोटो एवढा मोठा करून दाखवणारं अ‍ॅप त्याचंच.

त्या दुपारी त्यानं सगळ्यांच्याच जाहिराती काढून टाकल्या. साहेब म्हणाले, "येडा झाला का गा? महिन्याभरात बंद पडन तुयं अ‍ॅप."

"पडू द्या साहेब. मायले तोंड दाखवाचं आहे मले."

मग त्यानं अ‍ॅपवर लिहिलं, 'खोटी जाहिरात दाखवली, माफ करा. आता जाहिराती नाहीत. अ‍ॅप हवं वाटलं तर पैसे द्या, नाही दिले तरी वापरा.'

फुकट मिळाल्यावर कोण देतो, म्हणून मी हसलो. पण घरी जाताना बसमध्ये मीच गुपचूप पैसे भरले. त्याचा अभिमान वाटला होता आणि स्वतःची थोडी लाज.

आठवडा झाला नसेल, तो बिल्टी अर्धवट टाकून उभा राहिला. "भाऊ, वर्षाचं भाडं निघालं गा." त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. उमरेडच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'तीच साडी घेणार होते. पैसे वाचले. त्यातले थोडे तुला.' साहेबांनी स्वतः चहा सांगितला आणि आपल्या वडिलांच्या मोबाईलवर अ‍ॅप टाकून घेतलं. त्या दिवशी ऑफिसभर तो मान वर करून फिरला, आणि त्याच्यामागून मीही.

पुढे त्यानं अ‍ॅपसाठी नोकरी सोडली, आता त्या टेबलावर दुसरा कोणी बसतो. मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो होतो. वडिलांचा माग कधीच विकला गेलाय, पण विणकर पाय सोडून बसतो तो जमिनीतला खड्डा त्यानं बुजवलेला नाही. त्यात पाय सोडून, लॅपटॉप पुढ्यात घेऊन, वडील बसायचे तिथंच तो काम करत बसला होता.