शनिवारचा स्कॅन

शुक्रवार, दुपारचे पावणेतीन. कॉम्प्युटरचा स्कॅन एकतीस टक्क्यांवर रेंगाळलेला आणि एझ्राकाका खुर्ची सोडून माझ्या मागे उभे. दर पाच मिनिटांनी ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, आणि त्यांचं बघून मीही बघायचे. समोरचा चहा कधीच गार झाला होता.

"पाच चाळीसनंतर मी कशालाही हात लावणार नाही," ते म्हणाले.

"काका, आजचा एक दिवस थोडा उशीर चालणार नाही का?"

"नाही." ते रागाने बोलले नाहीत. आज सूर्य जरा उशिरा मावळला तर चालेल का, असं मी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी वीस वर्षं तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सिस्टिम सांभाळली. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा बाहेर पडले आणि पनवेलमध्ये घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. दार उघडल्यावर अजूनही काही जण माझ्या खांद्यावरून मागे बघतात, इंजिनिअर कुठे राहिला म्हणून. एझ्राकाकांनी तसं कधी केलं नाही. ते न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं तपासायचे. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, तरी समोर आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पान उलटत नाहीत.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, त्यात काम करायचं नाही, कुठल्या बटणालाही हात लावायचा नाही. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी हसले होते आणि विसरून गेले होते.

तर भानगड अशी होती. काकांची मुलगी रूथ इस्रायलला असते. तिच्या मुलीचं, याएलचं लग्न ठरलं होतं आणि येत्या रविवारी मेंदी होती. याएलचा एकच हट्ट होता, मेंदीला आजीची गाणी हवीत. मिरियमकाकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. पनवेलपासून अलिबागपर्यंत त्यांच्या लोकांत कुठेही मेंदी असली की मराठी गाणी म्हणायला त्यांना बोलावणं असायचं. एकदा काकांनी घरीच त्यांची अकरा गाणी कॅसेटवर घेतली होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ती कॉम्प्युटरवर उतरवली. अकरावं गाणं उतरलं आणि पुढच्याच खेपेला टेपरेकॉर्डरने कॅसेटची पट्टी चावून टाकली. म्हणजे काकूंचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, या खोलीतल्या या डबड्यात.

आणि सोमवारपासून त्या डबड्याने काकांच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना भलत्यासलत्या लिंक पाठवायला सुरुवात केली होती. रूथने घाबरून सगळ्यांना कळवलं, बाबांच्या मेलवरून काहीही आलं तरी उघडू नका. काकांना म्हणाली, सगळं फॉरमॅट करून टाका. फॉरमॅट म्हणजे डिस्क पार कोरी करणं. गाणी कुठे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. काकांनी गुरुवारी मला फोन केला. शुक्रवारी सकाळी नऊला पोचते असं मी म्हणाले आणि पळस्पे फाट्यावर कंटेनरच्या रांगेत अडकून साडेदहाला पोचले. दीड तास तिथेच गेला. माझं डोकं तेव्हापासूनच तापलेलं.

लोक मला विचारतात, अँटिव्हायरस आणि अँटिस्पायवेअर यात फरक काय? व्हायरस मोडतोड करतो, त्यामुळे तो आलाय हे कळतं. स्पायवेअर गुपचूप बसून बघतं. तुम्ही काय टाइप करता, पासवर्ड कोणता, कुणाला मेल करता. काकांच्या कॉम्प्युटरमध्ये हे दुसरं बसलं होतं आणि त्याने मेलचा पासवर्ड नेला होता. हल्लीचा बरा अँटिव्हायरस दोन्ही पकडतो. पण तो एकच असावा. दोन टाकले की दोघांनाही दुसरा चोर वाटतो, आणि मशीन मात्र कासवासारखं चालतं.

काकांकडे दोन होते. एक मी आठ महिन्यांपूर्वी टाकला होता. दिवाळीत पुतण्या आला, त्याने दुसरा टाकला, फुकटातला. दोघांचं जमेना, तेव्हा त्याने माझ्या अँटिव्हायरसची चोवीस तासांची राखण बंद केली आणि स्वतःच्याची चालू ठेवली. ती निघाली महिनाभराची ट्रायल. महिना संपला, राखण संपली. पुतण्या पुण्याला परत गेला होता. मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

सकाळी आल्या आल्या मी पहिलं काम केलं होतं ते गाण्यांचा बॅकअप. डेस्कटॉपवर 'मिरियम' नावाचं फोल्डर होतं, आत अकरा नावं. पेनड्राइव्ह लावला, कॉपी केलं, डोळ्यांची पापणी लवायच्या आत झालं. तिथेच मला खटकायला हवं होतं. नाही खटकलं, कारण मी घाईत होते.

साडेतीनच्या सुमाराला स्कॅनने चोर दाखवला. गाण्यातली खरखर काढून आवाज स्वच्छ करायचं एक फुकट सॉफ्टवेअर. काकांनी दीड महिन्यापूर्वी डाउनलोड केलं होतं.

"हे कशाला घेतलंत?" मी जरा जोरातच विचारलं.

"गाण्यांमागचा पंख्याचा आवाज काढायला," काका म्हणाले.

मी ते काढून टाकायला घेतलं. शेवटी स्क्रीनवर प्रश्न आला, या प्रोग्रॅमच्या फोल्डरमधल्या उरलेल्या फाइलसुद्धा पुसायच्या का? असल्या प्रश्नाला मी वीस वर्षं 'यस' म्हणत आले आहे. बोट माउसवर होतं.

"थांब," काकांनी माझं मनगट धरलं. "फोल्डरचं नाव वाच. गाणी मी तिथे हलवली होती. सगळं एका जागी असावं म्हणून."

"गाणी डेस्कटॉपवर आहेत, काका. मी पेनड्राइव्हवर घेतली पण."

"मग उघड ना ती."

पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला. एकही गाणं उघडेना. डेस्कटॉपवर होते ते नुसते शॉर्टकट. दारावरची पाटी, घर भलतीकडेच. मी अकरा पाट्या उचलून आणल्या होत्या आणि आता घर पाडायला निघाले होते. मी 'नो' दाबलं, ते फोल्डर उघडलं, काकूंची अकराही गाणी पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपवर एकेक वाजवून पाहिलं.

चार वाजून गेले होते. स्कॅन अजून निम्म्यावरही नव्हता. मला एक गोष्ट कळेना. पुतण्याने राखण बंद केली हे खरं, पण मी दर आठवड्याचा स्कॅन लावून दिला होता. तो राखण बंद असली तरी चालतो. त्याने हे आठवडाभरात पकडायलाच हवं होतं. दीड महिना तो काय करत होता?

काकांनी टेबलाच्या खणातून वही काढून दिली. ते कॉम्प्युटरचीही नोंद ठेवतात, कधी चालू केला, स्क्रीनवर काय आलं, कधी बंद केला. सुरेख अक्षर. मी पानं चाळत गेले. शुक्रवार सायंकाळ, कॉम्प्युटर बंद, मेन स्विच बंद. शनिवार रात्र, कॉम्प्युटर चालू. पुढचा शुक्रवार, बंद. शनिवार रात्र, चालू. आठ महिने तेच.

मी स्कॅन लावला होता शनिवारी सकाळी अकराला. सगळ्यांकडे तसाच लावते. शनिवारी बऱ्याच ऑफिसांना सुट्टी, लोक घरी, कॉम्प्युटर चालू. वर चुकलेला स्कॅन पुढच्या वेळी आपोआप सुरू होण्याची सोयही मी बंद केली होती, कारण मग मशीन हळू चालतं आणि लोक फोन करून माझं डोकं खातात. म्हणजे या घरात स्कॅन आठ महिन्यांत एकदाही झाला नव्हता. पुतण्याला शिव्या घालून मोकळी झाले होते, पण खरा घोटाळा माझा होता. ज्या माणसाने मला शनवार तेली म्हणजे काय ते समजावून सांगितलं, त्याच्याच घरी मी शनिवार निवडला होता.

"काका, चूक माझी आहे," मी म्हणाले आणि काय झालं ते सांगितलं.

त्यांनी वही मिटली. "मीही विचारलं नाही, स्कॅन कधी होतो ते. आता गाणी पाठव. वेळ जातोय."

साडेचार. संसर्ग असलेल्या मशीनवरून पासवर्ड बदलण्यात अर्थ नसतो, नवा पासवर्डही चोरालाच मिळतो. म्हणून माझ्या लॅपटॉपवरून काकांच्या मेलचा पासवर्ड बदलला, दर लॉगिनला फोनवर कोड येईल असं केलं. पेनड्राइव्ह दुसऱ्या स्कॅनरने तपासला, स्वच्छ निघाला. खरखर काढलेल्या कॉपी मी घेतल्याच नाहीत. त्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. मूळ गाणी, पंख्यासकट, मेलने पाठवली. काकांचं तोंड उतरलं, पण ते नाही म्हणाले नाहीत.

पाच वाजता त्यांनी रूथला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिथे दीड वाजला होता. तिची लग्नघराची गडबड आवाजातच कळत होती.

"बाबा, मी सांगितलं ना, काही पाठवू नका. मी उघडणार नाही. इथे सगळ्यांचे फोन त्याच वायफायवर आहेत."

मी तिला सांगायला लागले, स्कॅन केलंय, पासवर्ड बदललाय. ती म्हणाली, तुम्ही कोण मला माहीत नाही, आणि गेल्या आठवड्यात असंच गोड बोलणाऱ्या एका माणसाने तिच्या मैत्रिणीला फसवलं होतं. तिचं काहीही चुकत नव्हतं. मी तिच्या जागी असते तर मीही उघडलं नसतं. पाच दहा. काका शब्बाथचे दिवे लावायच्या टेबलाकडे आणि फोनकडे आळीपाळीने बघत होते.

मग त्यांनी फोन उचलून माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवला आणि मला म्हणाले, "पहिलं लाव."

मी लावलं. आधी घरघर, पंख्याची. मग एका बाईचा आवाज, गाण्याचा नाही, वैतागलेला. "अहो, तो पंखा बंद करा ना. सगळं त्याच्यातच येईल." आणि लांबून तरुण एझ्राकाका म्हणाले, "मे महिना आहे, मिरियम. तू म्हण." मग गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं संपलं. मग रूथ रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, थांबवा. मी उघडते मेल."

अकराही फाइल उतरल्याचं तिने सांगितलं तेव्हा पाच पस्तीस झाले होते. काका नळाखाली हात धुवायला गेले. मी वायरी गुंडाळायला लागले.

"स्कॅन अर्धा राहिलाय," मी म्हणाले. "मेन स्विच बंद केलात तर पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. चालू ठेवलेला चालतो का तुम्हाला?"

"आधीपासून चालू असेल तर चालू राहू दे. मी हात लावणार नाही, एवढंच."

हे मी आठ महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर? इंटरनेटची वायर काढली, स्कॅन चालू ठेवला आणि निघाले. दारात वळून पाहिलं तर काका काकूंच्या फोटोजवळ दिवे लावत होते.

शनिवारी दिवसभर माझ्या जिवाला चैन नव्हतं. फोन करून उपयोग नाही, ते उचलणार नाहीत, हे ठाऊक असूनही दोनदा फोन हातात घेतला. संध्याकाळी सात वीसला त्यांचाच आला.

"आकाशात तीन तारे दिसले, म्हणून केला. काल रात्रीपासून स्क्रीनवर प्रश्न आहे. नऊ धोके सापडले, काढू का? यस दाबू की नो?"

"काल रात्रीपासून?"

"मी टेबलक्लॉथ टाकला वर. सारखं विचारत होता."

या वेळी मी नऊही नावं त्यांच्याकडून वाचून घेतली. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली, एक्सटेन्शनसकट. मग मी 'यस' म्हणाले. दुसरे दिवशी जाऊन पुतण्याचा अँटिव्हायरस काढला, माझ्याची राखण पुन्हा चालू केली आणि स्कॅन बुधवारी सकाळी दहावर आणला.

सोमवारी काकांनी कळवलं की मेंदीला गाणी वाजली. पंख्यावरून झालेलं बोलणं सुरू झाल्यावर सगळी पोरं हसली, आणि याएलने ते तेवढंच तीनदा लावायला लावलं. जे काढण्यासाठी दीड महिना धडपड केली आणि हा सगळा उपद्व्याप घरात घेतला, तेच नातीला सगळ्यात आवडलं, असं सांगताना काकांना हसावं की काय ते कळत नव्हतं.

लोक अजूनही मला पहिला प्रश्न हाच विचारतात, मॅडम, अँटिव्हायरस कोणता चांगला? मी म्हणते, ते शेवटी सांगते. आधी सांगा, तुमच्याकडे कॉम्प्युटर कुठल्या दिवशी बंद असतो?