बारीक पडलेला ओमेगा

आमच्या सरांना बारीक अक्षराची चीड होती, त्यातही बारीक छापलेल्या सदिश राशीची. ज्या राशीला दिशा असते ती सदिश, आणि ती ठळकच छापायची, म्हणजे साध्या राशीशी तिची गल्लत होत नाही. एवढासा नियम, पण सरांनी तो उभा जन्म मिरवला. "सदिश म्हंजे लग्नातला नवरदेव," ते म्हणत, "गर्दीत ओळखू आला पाहिजे." नांदेडला विद्यापीठाच्या आमच्या गणित विभागातली पोरं त्यांना मागून 'ठळक सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. महिनाअखेर सर निवृत्त होणार. त्याआधी प्रबंधावर सही झाली नाही तर नवा मार्गदर्शक, नवी कटकट. माझा जीव टांगणीला, आणि सर ओमेगा या एका ग्रीक अक्षरावर अडून बसलेले; माझ्या प्रबंधात ती सदिश राशी, आणि छापताना दर वेळी बारीकच पडायची. लोह्याहून बसने यायचं, छापलेली पानं पुढे ठेवायची, चष्मा कपाळावर सारून ते विचारायचे, "ताई, हा ओमेगा उपाशी हाय का गं? पुन्हा कर."

लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायच्या संगणक-प्रणालीत, गणित जुळवणाऱ्यांना हा छळ ठाऊक असेल. ठळक करायची साधी आज्ञा इंग्रजी अक्षरं मुकाट ऐकतात, ग्रीक अक्षरं ढिम्म हलत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी आज्ञा असते. तीही देऊन पाहिली. ओमेगा तसाच. बरं, संगणक धड चूकही दाखवेना. मी रडकुंडीला आले.

सरांना संगणकातलं ओ की ठो कळत नसे. पण माझं तोंड बघून म्हणाले, "एवढा पसारा घेऊन काय बसून राहिलीस? कोऱ्या फाइलीत एकटा ओमेगा घे. मग एकेक वस्तू आत घेत जा. कोण आल्यावर वाळतो ते बघ."

तसं केलं. एकटा ओमेगा चांगला गुबगुबीत उमटला. प्रबंधाच्या फाइलीतली एकेक गोष्ट जोडत गेले, आणि प्रबंधाचा फॉन्ट घालताच तो वाळला. त्या फॉन्टात ठळक गणिती अक्षरंच नव्हती. संगणक गुपचूप बारीक अक्षर टेकवून मोकळा होत होता. आणि हा फॉन्ट सरांनीच, कुठल्याशा परदेशी पुस्तकात पाहून, हट्टाने घालायला लावलेला.

आता हे सांगायचं कसं? भीत भीत सांगितलं.

"म्हंजे घरभेदी मीच की," सर म्हणाले. "काढ त्याला."

सरांच्या शेवटच्या दिवशी साध्या फॉन्टातली प्रत नेली. त्यांनी पान न् पान पाहिलं. ओमेगा ठळक, अल्फा ठळक. पुन्हा पहिल्या पानावर आले, पुन्हा शेवटपर्यंत गेले. बोट ठेवायला जागा सापडेना. मला वाटलं, आता तरी खूश होतील. सरांनी पेन उघडलं आणि नुसतं हातात धरून बसले.

"एखादा तरी बारीक ठेवायचा की गं," ते म्हणाले. "उद्या मला इथं यायला कारण झालं असतं."

मग सही केली. जिच्यासाठी महिनाभर देव पाण्यात घातले होते ती सही समोर होती, आणि मला खुर्चीतून उठवेना.