सीझ न झालेलं इंजिन

हँडल हलत नव्हतं. मी आणि सुरेश, दोघांनी मिळून अंगाचा भार टाकला, तरी ते जागचं ढळेना.

जुन्या गाड्यांना पुढून एक वाकडं लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवता येतं. बॅटरी मेलेली असली तरी इंजिन जिवंत आहे का, हे त्यावरून समजतं. फिरलं तर आशा असते. नाही फिरलं, तर पिस्टन आत गंजून सिलिंडरला चिकटलेले असतात. आमच्या धंद्यात त्याला इंजिन सीझ झालं असं म्हणतात.

"गिअर न्यूट्रलला हाय न्हवं?" मी विचारलं.

सुरेशने केबिनमध्ये हात घालून गिअरचा दांडा हलवून बघितला. "हाय की अण्णा. डुलतोय बगा." एवढं बोलून तो शिंकला. मग मी शिंकलो. मग परत तो.

सुरेशची निपाणीतली तंबाखूची वखार होती ती. धंदा बंद होऊन बरीच वर्षं झालेली, पण तंबाखूची धूळ भिंतीत, कौलात, जमिनीत मुरलेली. पाऊल टाकलं की वर उडायची. मी बेळगावात आयुष्यभर गॅरेज चालवलं, धूर, पेट्रोल, ॲसिड सगळं नाकात घेतलं. पण त्या वखारीत पाच मिनिटांत माझे डोळे वाहायला लागले. मला बाहेर पडायचं होतं.

"सीझ हाय," मी म्हणालो. "इंजिन गेलं."

सुरेशने मान हलवली आणि खिशातून फोन काढला. भंगारवाल्याला लावला.

या ट्रकाबद्दल बेळगाव-निपाणीच्या गॅरेजांमध्ये एक गोष्ट सांगितली जाते. पार सीझ झालेलं इंजिन मी न उघडता, नुसतं तेल पाजून सोडवलं, अशी. त्या गोष्टीवर मी एकदा शाल आणि फेटाही घेतला. ती गोष्ट खोटी आहे. आता वय झालं, पण लिहिता येतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

ट्रक लष्करी होता. फोर-व्हील ड्राईव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, त्यामुळे चिखलात अडकत नाही. सुरेशच्या वडिलांनी तो लिलावात घेतला होता. काळ्या रानात जिथं बैलगाडीचा आस मोडायचा, तिथून हा ट्रक तंबाखू भरून बाहेर यायचा. वडील गेले आणि ट्रक वखारीत उभा राहिला तो राहिलाच. आता सुरेशला वखारीच्या जागी मंगल कार्यालय बांधायचं होतं. ट्रक आडवा येत होता. त्याची आई, सुंदराक्का, ट्रक विकायला तयार नव्हती. मायलेकांचं ठरलं की एखाद्या जाणत्या माणसाने बघून सांगावं. जाणता माणूस म्हणून मला बोलावलं होतं.

आणि जाणत्या माणसाने पाच मिनिटांत निकाल दिला होता.

आक्का दारात उभी होती. वयाने माझ्याहून थोडी मोठी, पदर कमरेला खोचलेला. माझं ऐकून ती वळली आणि आत निघून गेली. मी चहा न घेताच बेळगावची बस धरली.

भंगारवाला आला त्या दिवशी सुरेशने मला पुन्हा बोलावलं. काही सुटे भाग काढून ठेवण्यासारखे असले तर बघावेत म्हणून. भंगारवाल्याने चाकांत हवा भरली, मागून ट्रॅक्टर लावला आणि ओढायला सुरुवात केली. ट्रक हातभर मागे आला आणि थांबला. ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. वर माळ्याची तुळई करकरली.

"अरं थांब, थांब! वखार पाडतोस काय?" सुरेश ओरडला.

भंगारवाला पुढे गेला. ट्रकच्या बंपरवर जुन्या गोणपाटांचा ढीग होता, तो त्याने बाजूला केला. "अण्णा, हे काय हो? गाडी तर वर बांधलेली हाय!"

लष्करी ट्रकच्या बंपरवर बहुधा विंच असतो. विंच म्हणजे वायररोप गुंडाळलेला ड्रम. गाडी चिखलात रुतली की रोप झाडाला बांधायचा आणि ड्रम फिरवून गाडीने स्वतःलाच ओढून काढायचं. या विंचचा रोप ड्रमवरून वर गेला होता. तिथं तुळईला एक कप्पी होती आणि कप्पीपलीकडे रोपाचा आकडा माळ्यावर अडकवलेला होता. ताठ.

माझ्या लक्षात आलं.

हा विंच वेगळ्या मोटरवर चालत नाही, इंजिनावरच चालतो. गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटी पेटी असते, पीटीओ म्हणतात तिला. केबिनमध्ये खाली एक वेगळा खटका असतो. तो लावला की इंजिन आणि विंच एकमेकांत अडकतात, मग गिअर न्यूट्रलला असला तरी इंजिन विंचला जोडलेलं राहतं. खटका लागलेला, रोप ताठ, ड्रम गंजून घट्ट बसलेला. अशा इंजिनाला हँडल मारणं म्हणजे भिंतीला धक्का मारणं.

विंच मला पहिल्या दिवशीही गोणपाटाखालून अर्धा दिसला होता. खटका लावलाय का, हे बघायला केबिनमध्ये चढून खाली वाकावं लागलं असतं. मी वाकलो नव्हतो.

आता चढलो. वाकलो. खटका लागलेला होता. हाताने सुटेना, म्हणून हातोडीचे दोन टोले घातले. सुटला. खाली उतरून हँडल घातलं आणि हलकेच दाबलं. इंजिन फिरलं. म्हाताऱ्या माणसाने उसासा सोडावा तसा आतून फुस्स आवाज आला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, शाबूत होतं.

माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भंगारवाला रोप तोडायला गॅस कटर जोडत होता. तेव्हाच बोलायचं होतं. "सुरेश, माझं चुकलं, इंजिन चांगलं हाय," एवढं एक वाक्य. पण भंगारवाला बेळगावचा होता. त्याच्या तोंडून ते संध्याकाळच्या आत सगळ्या गॅरेजांत पोचलं असतं.

"थांबवा ते," मी म्हणालो. "मला एक प्रयत्न करून बघायचाय."

"कसला प्रयत्न? तुमीच म्हनालासा न्हवं, गेलं म्हणून?" सुरेशने विचारलं.

"तेल पाजून बघतो. कधीकधी सुटतं."

मी स्पार्क प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून थोडं थोडं तेल सोडलं. बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला फिरवण्याआधी हे करावंच लागतं, त्यात खोटं काही नव्हतं. खोटं होतं ते माझ्या चेहऱ्यावर. मी डोळे मिटून, इंजिनावर कान ठेवून, डॉक्टरसारखा उभा राहिलो. मग हँडल फिरवलं. फिरलं.

"आयला!" भंगारवाला म्हणाला. "अण्णा, हात बगू तुमचा!"

गोष्ट तिथंच जन्मली.

सुरेश माणूस व्यवहारी. त्याने अट घातली. "खंडेनवमीला गाडी पासिंग होऊन दारात उभी पायजे. न्हायतर दुसऱ्या दिवशी भंगारात. मला पाया खणायचाय." खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, यंत्रं, गाड्या पुजतात. आक्काने लगेच मान्य केलं. मीही.

मग काम सुरू झालं, आणि काम मात्र खरं होतं. आधी विंचचा रोप माळ्यावरून सोडवला आणि गंजलेला ड्रम मोकळा केला. पेट्रोलच्या टाकीत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. टाकी उतरवून आत साखळीचे तुकडे आणि रॉकेल घातलं आणि दोघांनी धरून खुळखुळा वाजवावा तशी हलवली. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं, ते उघडून त्याची भोकं तारेने मोकळी केली. सगळ्यात जास्त भीती होती वायरिंगची. उभ्या गाड्यांची वायरिंग उंदीर खातात. इथं एक वायर कुरतडलेली नव्हती. निपाणीच्या तंबाखूत उंदीरसुद्धा टिकला नव्हता.

ब्रेकने घाम काढला. प्रत्येक चाकात एक छोटं सिलिंडर असतं, पाय दाबला की ते ब्रेक ढकलतं. सगळी आतून खड्डे पडलेली. नवीन मिळणं शक्य नव्हतं. बेळगावच्या उद्यमबागमध्ये माझ्या ओळखीचा एक लेथवाला आहे. त्याने प्रत्येकात पितळी नळी बसवून दिली आणि म्हणाला, "अण्णा, तुमी सीझ इंजिन मंत्र मारून सोडवलं म्हनं. यालापन मारा की मंत्र, माजं काम वाचंल!" मी हसलो. आणि सिलिंडर पिशवीत भरायला लागलो.

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं त्या सकाळी गल्लीतली माणसं जमली होती. स्टार्टर दाबला. खोकलं, फुरफुरलं आणि एकदम धडधडायला लागलं. सायलेन्सरमध्ये साचलेली तंबाखूची सगळी धूळ पिवळ्या ढगासारखी बाहेर आली. अर्धी गल्ली शिंकत पळाली. शेजारची पुतळाबाई खिडकीतून ओरडली, "मेल्यांनो, फुकट तपकीर वाटतासा व्हय!"

त्या दुपारी मी ब्रेकमधली हवा काढत गाडीखाली पडलो होतो. आक्का चहा घेऊन आली आणि पायरीवर बसली.

"मिस्त्री, एक इचारू?"

"इचारा की आक्का."

"हे वर माळ्यावर असायचे. मी इथं केबिनमदी. बोद वर चढवायचं काम या गाडीचंच." बोद म्हणजे तंबाखूचं भलंमोठं पोतं. "हे हाळी द्यायचे, की मी खटका वढायची. श्येवटी त्यास्नी बरं वाटंना, वरनंच हाक मारली. मी तशीच पळाले. खटका सोडायचा ऱ्हायला तो ऱ्हायलाच." तिने कप पायरीवर ठेवला. "त्यानंच जाम झालं न्हवं इंजिन? माज्या हातनं?"

मी गाडीखाली होतो. तिला माझं तोंड दिसत नव्हतं.

"तसं काय न्हाय आक्का," मी म्हणालो. "जुनी गाडी. हुतंय असं."

"व्हय," ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, हे आवाजावरून कळलं. मी नट आवळत राहिलो. गरजेपेक्षा जास्त आवळला.

पासिंगला आरटीओच्या मैदानावर गेलो, तो खंडेनवमीचा आदला दिवस होता. नंतर सुट्ट्या. सुरेश गाडी चालवत होता, आक्का मध्ये, मी कडेला. इन्स्पेक्टर तरुण होता, गाड्यांची आवड असलेला. ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून त्याने बॉनेट उघडायला लावलं.

"चांगलं ठेवलंय," तो म्हणाला.

सुरेशला राहवलं नाही. "ठेवलंय कुठलं साहेब! पार सीझ हुतं. आमच्या अण्णांनी इंजिन नवं केलंय!"

इन्स्पेक्टरचा हात थांबला. "नवं केलंय? ब्लॉक बदलला काय? मग कागद पायजेत. बिल आणा, नंबरची नोंद करावी लागेल. सुट्टीनंतर या."

ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य धड. त्यावरचा नंबर गाडीच्या कागदाशी जुळावा लागतो. सुरेशचं तोंड उतरलं. "साहेब, सुट्टीनंतर चालत न्हाय..."

आक्काने माझ्याकडे बघितलं. काही मागत नव्हती. नुसतं बघत होती.

"साहेब," मी म्हणालो, "इंजिन उघडलेलंच नाही. ते सीझ नव्हतंच."

"म्हंजे?" सुरेश म्हणाला.

"विंचचा खटका लागलेला हुता. मी बघितलाच न्हाय. न बघताच गेलं म्हणून सांगितलं. मग कळल्यावर लाज वाटली, म्हणून तेल पाजायचं नाटक केलं."

सुरेशने आधी माझ्याकडे बघितलं, नंतर इंजिनाकडे. मग सुरेश सुरू झाला. "अण्णा! तुमच्या शब्दावर मी गाडी भंगारात घालाय निघालतो! गॅस कटर आणला हुता हो!"

"व्हय. माझंच चुकलं."

"आनि त्या कार्यालयाच्या मुहूर्ताला तुमास्नी फेटा बांदायचं ठरवलंय आमी!"

इन्स्पेक्टर तोंड फिरवून हसत होता. त्याने कापडाने ब्लॉक पुसला, नंबर वाचला, कागदाशी ताडून बघितला. जुळला. ब्रेक तपासायला गाडी पळवून थांबवायला लावली. तो कानडीत "निल्लसरी!" म्हणजे थांबवा असं म्हणाला आणि ट्रक जागच्या जागी उभा राहिला. आक्काचं डोकं काचेवर आपटता आपटता राहिलं.

"पास," इन्स्पेक्टर म्हणाला. कागदावर सही केली.

परतीच्या वाटेवर सुरेश गाल फुगवून गाडी चालवत होता. आक्का समोर रस्त्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मिस्त्री, म्हंजे माज्या खटक्यानं काय बिगडलं न्हवतं?"

"काही नाही आक्का. इंजिन पहिल्या दिवसापासून ठणठणीत हुतं."

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्या दंडावर जोरात चापट मारली. "मग त्या दिशी गाडीखाली पडून काय झोपला हुतास व्हय रं? एवढं सांगाय तोंड न्हवतं?"

सुरेशला हसू फुटलं. मग मलाही.

फेटा मात्र मी घेतला. मुहूर्ताच्या दिवशी चारचौघांत नाही म्हणायला गेलो, तर लोक म्हणाले, "अण्णा मोठेपणा घ्यायलाच तयार न्हाईत." त्यानंतर जिथं जिथं खरं सांगितलं, तिथं तिथं लोकांना मी ते विनयानेच बोलतोय असं वाटलं. खोटं एकदा सांगितलं तर वर्षानुवर्षं चालतं. खरं किती वेळा सांगावं लागतं, याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

ट्रक आता मंगल कार्यालयाच्या दारात उभा असतो. गेल्या पावसाळ्यात वाळूचा टिप्पर मागच्या रानात रुतला, तर याच ट्रकने तो ओढून काढला. खटका आक्कानेच ओढला.

गॅरेजात नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगतो. गाडीकडे आलेल्या माणसाने आधी वाकावं, मग बोलावं. आधी बोललात, तर वाकावं लागतंच, पण मग माणसांसमोर.