भुवईवरची कातडी

आमच्या घरात धंदे दोन, आणि दोन्ही चेहऱ्याचे. माझं ब्युटी पार्लर, आणि आमचे हे बॉक्सिंगच्या रिंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून फुटलेले चेहरे बंद करायचे. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट मिळतं. तेवढ्यात औषधात बुडवलेली कापसाची काडी जखमेत खुपसायची, वर व्हॅसलीन थापायचं आणि पोराला परत मार खायला पाठवायचं. रक्त थांबलं नाही तर पंच लढत बंद करतात, मग जिंकत असलेलं पोरगंही हरतं. तीस वर्षं हेच केलं त्यांनी. मी चिडवायचे, "माझ्याकडे बाया सुंदर व्हायला येतात, तुमच्याकडे पोरं नाकाचा भुगा करून!"

पण खरं सांगू? कातडीची निगा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळायची. लढतीआधी तीन महिने भरपूर पाणी, नऊ तास झोप, कोमट पाण्याने तोंड धुवायचं, रगडायचं नाही, झोपताना साधं तेल. बास. "चमकली नाही तरी चालेल, फाटता कामा नये," म्हणायचे.

आमची एकुलती एक चिंगी बॉक्सर झाली. चोवीस वर्षांची, नाक एकदा मोडलेलं, सरावाच्या हेल्मेटमधल्या घामाने गालभर पुटकुळ्या. पट्ट्याची लढत ठरली, म्हणजे जिंकली तर देशात पहिली. पोस्टरसाठी तिचे फोटो मागितले. ते बघून माझी जाऊ म्हणाली, "अगं बाई, हा मुलगा कोण?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पार्लरवालीची पोरगी, आणि जगाने तिला असं बघायचं?

माझ्याकडे एक क्रीम होतं. डबीवर नाव नाही, आत काय घातलंय त्याचा पत्ता नाही. विकणारा म्हणाला होता, आठ दिवसांत चेहरा काचेसारखा. गिऱ्हाइकांना मी आठच दिवस लावायला सांगायचे, कारण जास्त लावलं की कातडी पातळ होते. हे मला माहीत होतं. आता कशाला खोटं बोलू? चिंगीलाही आठच दिवस म्हणून दिलं. पण पोरगी अशी उजळली की मलाच मोह आवरेना. तीन महिने लावलं. मी तिला बजावलं, "बाबांना सांगू नकोस हं, उगाच भाषण देतील." आणि तेच बाबा गावभर सांगत सुटले, "बघा, पाणी आणि झोप!"

लढतीला मी त्यांच्या कोपऱ्याच्या अगदी मागे बसले होते. दुसऱ्या फेरीत समोरचीचा एक साधा ठोसा डाव्या भुवईला लागला. असले ठोसे चिंगीने शेकड्याने पचवले होते. पण भुवई फाटली आणि डोळा रक्ताने भरला. यांनी बंद केली. तिसऱ्या फेरीत गाल फाटला. तोही बंद केला. चौथ्या फेरीत भुवई परत उघडली ती कानापर्यंत. तरी आमची पोरगी मागे हटेना. तिने त्या बाईला दोरांवर दाबलं आणि बरगड्यांत असे ठोसे घातले की तिचं कण्हणं मला ऐकू आलं. मग जबड्यावर एक. तिच्या तोंडातून रक्ताची गुळणी पहिल्या रांगेवर उडाली. लोक "मार! मार!" ओरडत होते. मीही घसा फाडून ओरडत होते.

पाचव्या फेरीनंतर यांनी भुवईत काडी घातली, आणि कातडी काडीबरोबर सुटून वर आली. त्यांचा हात थांबला. त्यांनी तिचा चांगला गाल चिमटीत धरून बघितला, सोडला, परत धरला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

"बाबा, बंद करा ना!" चिंगी ओरडली. "जिंकतेय मी!"

त्यांनी टॉवेल उचलला आणि रिंगणात फेकला. टॉवेल फेकला म्हणजे हार कबूल. संपली लढत.

अकरा टाके पडले. दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला सांगू नकोस. माझ्यावरचा राग ती सरावाच्या पिशवीवर ठोसे मारून काढेल. तुझ्यावरचा निघायचा नाही." आणि विचारेल त्याला सांगत राहिले, "माझीच हिंमत खचली." झालं! घाबरट माणूस कोपऱ्यात कोणाला हवा? तीस वर्षांचं नाव आठवड्यात मातीत गेलं. आणि मी? मी मूग गिळून बसले.

टाके काढून चिंगी घरी आली तेव्हा हे स्वयंपाकघरात चहा पीत होते.

"परक्यांची पोरं रक्ताने न्हालेली असायची, तरी परत पाठवलीत ना?" ती म्हणाली. "माझ्याच वेळी घाबरलात?"

"हो," ते म्हणाले.

तिने मारलं. हातमोजा नसलेल्या मुठीने, तोंडावर. कप भिंतीवर जाऊन फुटला. यांनी हातसुद्धा वर केला नाही. दुसरा ठोसा डोळ्याखाली बसला, आणि ते खुर्चीसकट आडवे झाले. ती त्यांच्या छातीवर गुडघा रोवून तिसरा उगारत होती, तेव्हा मी किंचाळले, "क्रीम! माझं क्रीम होतं गं! त्यानेच तुझी कातडी पातळ झाली. मला माहीत होतं सगळं!"

मूठ तशीच राहिली. तिने बापाकडे पाहिलं. "तुम्हाला कळलं होतं?"

त्यांनी नजर चुकवली. ओठ मधोमध फाटला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं. चिंगीने खुंटीवरची त्यांची कापूस-औषधांची पिशवी ओढली, कापूस काढला आणि ओठावर दाबून धरला. दुसरं काही सुचत नव्हतं तिला, नुसतं "बाबा, बाबा" करत हमसून हमसून रडत होती. मीही कापूस घेतला आणि त्यांच्या डोळ्याखालचं रक्त पुसायला वाकले.

"तू नको, आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू आता कोणाच्या चेहऱ्याला हात लावू नकोस."

मी कापूस खाली ठेवला.