डाव्या हाताची वर्ना

वर्ना कोस्टेल्निक गावच्या शाळेची पिवळी बस चालवायची. मागच्या बाकावर पोरांनी दंगा केला तर ती आरशातून नुसती बघायची, तेवढ्यानं भागायचं. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मात्र तिला शोधायचं तर ऑ सेबल नदीत, मांडीभर पाण्यात. जिवंत आमिष तिनं कधी लावलं नाही. कोंबड्याची पिसं आणि हरणाचे केस गळाला बांधून ती स्वतःच माशी तयार करायची आणि पाण्यावर अशी अलगद उतरवायची, की ट्राउट माशानं खरी समजून वर येऊन गिळावी.

निवृत्त झाली त्याच हिवाळ्यात ती अंगणातल्या बर्फावर घसरली आणि उजव्या खांद्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी स्क्रू घालून तो जुळवला, पण हात काही छातीच्या वर जाईना. शेजारचा हार्लन बोडविन तिच्या नवऱ्याचा दोस्त होता. नवरा गेल्यावर मासेमारीला वर्नाची सोबत करायचा तोच. तो सूपचं पातेलं घेऊन आला.

"आता होडीत राणीसारखी बस," तो म्हणाला. "वल्हवेन मी."

"तू? मागच्या वेळी झाडात घातली होतीस होडी!"

"मग काय करणार आहेस?"

"दुसरा हात आहे की मला."

बर्फ वितळायच्या आतच ती डाव्या हातात गळाची काठी घेऊन अंगणात उभी राहिली. गळ काढून दोरीच्या टोकाला लाल लोकर बांधली होती. दोरी कधी तिच्या गळ्यात पडायची, कधी छपराच्या पन्हळीत अडकायची. हार्लन खिडकीतून हसायचा, तेही तिला दिसेल असं. ती मान वर करून बघायचीही नाही. डावा हात अडाणी राहिलाय तो आपणच कधी शिकवला नाही म्हणून, असं तिचं सरळ मत होतं. मग चमचा, किल्ली, दात घासणं, सगळं त्याच हाताकडे आलं. झाडांना पालवी फुटेपर्यंत दोरी हवेत सरळ उलगडायला लागली.

जूनमधल्या एका संध्याकाळी दोघं नदीवर गेली. ऊन उतरलं आणि पाण्यातून तपकिरी माश्या निघून उडायला लागल्या. वळणाच्या वर, उजव्या हाताच्या काठावरून एक देवदार पाण्यावर आडवा झाला होता. त्याच्या फांद्यांखाली एक दांडगा ट्राउट राहायचा आणि तो अजून कुणाच्या गळाला लागला नव्हता. नदी मधोमध खोल, त्यामुळे उभं राहायचं ते त्याच काठालगत, प्रवाहाकडे तोंड करून. काठावर झुडपांची भिंत. उजव्या हातानं काठी फिरवली की ती झुडपात जायची, आणि छातीवरून आडवी टाकली तर माशी फांदीखाली पोचायची नाही.

हार्लननं आधी नशीब आजमावलं. माशी झुडपात गेली.

"गेली!"

"छान. झाडाला पिसं फुटली," वर्ना म्हणाली. "सरक आता."

तिच्या डाव्या बाजूला सगळी नदी मोकळी होती. तिनं काठी पाण्याला समांतर फिरवली. पहिल्यांदा माशी अलीकडेच पडली. दुसऱ्यांदा दोरी फांदीखालून सरळ आत गेली आणि माशी अंधाऱ्या पाण्यावर टेकली. प्रवाहानं ओढू नये म्हणून तिनं दोरी थोडी सैल सोडली होती. माशी हातभर वाहत आली. पाण्यातून एक काळं नाक वर आलं, 'गप्' असा हलका आवाज झाला. वर्ना क्षणभर थांबली, मग तिनं काठी उचलली.

काठी कमानीसारखी वाकली.

"मुळांत घुसेल! अगं ओढ, ओढ!" हार्लन ओरडला.

"ओरडू नकोस. जाळं घे."

तिनं काठी डावीकडे पाण्यालगत आडवी धरली आणि एकेक पाऊल मागे, खालच्या बाजूला सरकत गेली. उजवा हात पोटापर्यंत तर येत होताच, दोरी गुंडाळायची चक्री फिरवायला तेवढा पुरला. मासा दोनदा उसळला, एकदा तिच्या पायांमधून जायला निघाला, आणि शेवटी हार्लनच्या जाळ्यात आला. चांगला हातभर लांब, पिवळ्याधमक पोटाचा. धरलेला मासा वर्ना नेहमी सोडूनच द्यायची. तिनं काठी काखेत धरली, हात ओले केले, गळ काढला आणि माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पोटाखाली आधार दिला. त्यानं कल्ले हलवले, शेपटी झटकली आणि तिच्या तोंडावर पाणी उडवून गेला.

"फोटो राहिला," हार्लन हळहळला. "कोण विश्वास ठेवणार?"

"तू बघितलंस ना?"

"मी सांगणार, मीच धरला म्हणून."

"सांग. मग लोक म्हणतील, परत धरून दाखव."

हार्लन इतका वाकून हसला की त्याच्या कमरेपर्यंतच्या रबरी बुटात पाणी शिरलं.

पुढे तिचा खांदा बराच सुधारला. हात डोक्यापर्यंत जायला लागला, त्या हातानं ती केस विंचरू लागली, फळीवरचे डबे काढू लागली. काठी मात्र डाव्या हातातच राहिली.

मासा सोडला त्या संध्याकाळी अजून बराच उजेड होता. वर्नानं माशीवर फुंकर मारली, तिची ओली पिसं बोटांनी मोकळी केली आणि वरच्या बाजूला बघितलं. पाण्यावर आणखी दोन वलयं उठत होती, म्हणजे आणखी दोन मासे.

"डावीकडचा तुझा," ती म्हणाली, आणि पाणी कापत पुढे निघाली.