संत्र्याच्या सालीची गोळी

औषधाच्या कोणत्याही चाचणीत दोन नोंदवह्या भरतात. एक वरिष्ठांना दाखवायची. दुसरी डोक्यात राहते, आणि तीच आधी भरते! ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला निपाणीच्या एका दवाखान्यात आम्ही पायांच्या फुगलेल्या शिरांवर फ्लेवोनॉइडच्या गोळ्या देऊन पाहत होतो. फ्लेवोनॉइड म्हणजे संत्र्या-मोसंबीच्या सालीत सापडणारे द्रव्य. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषधच नसलेली. डॉक्टरांचा गोळीवर विश्वास होता. माझे काम घोटे मोजण्याचे; माझा विश्वास कशावरच नव्हता.

*

कंपनीचा प्रतिनिधी टाय सावरत म्हणाला, "मॅडम, शंभर टक्के नॅचरल!"

"तंबाखूही नॅचरलच असते," मी म्हटले. "निपाणीत आहात तुम्ही."

*

संकेश्वरचे आप्पा उसाचे शेतकरी. आठ दिवसांनी आले, तेव्हा घोटा होता तेवढाच.

"गोळ्या नियमित घेतल्यात?"

"निम्म्या म्हशीला घातल्या. झाडपाल्याचं औषिद म्हनलासा न्हवं! तिचाबी पाय सुजलाता."

"मग?"

"तिचा उतरला की!"

म्हशीला खरी गोळी गेली की पोकळ, हे डॉक्टर उत्साहाने शोधू लागले. मी फाइल मिटली.

*

तंबाखूच्या वखारीत दिवसभर उभ्याने चाळण मारणाऱ्या पाच बायका चाचणीत होत्या. त्यांतल्या गंगाक्काला मुकादमाने बजावले होते: महिनाअखेर पाय उतरला नाही, तर कामावर यायचे नाही.

मी त्यांच्या गोळ्या मोजायला मागितल्या. गंगाक्काने पाच बाटल्यांऐवजी एक जेवणाचा डबा पुढे केला.

"काय हे आक्का?"

"तुमीच सांगितलासा, निम्म्या गोळ्या पोकळ हायत म्हनून. मग एकीच्याच नशिबाला पोकळ का? समद्या एकात वतल्या. भाकरी वाटून खातो, तशा ह्याबी खाल्ल्या!"

*

शेवटच्या तपासणीत पाचही जणींचे घोटे एकेक सेंटिमीटरने उतरले. "वाटून खाऊनही गुण आला!" डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांना सारखाच? पहिल्या दिवशी टेप तपासायच्या सवयीने मी टेबलाचा गोल पायही मोजून लिहिला होता. तो पुन्हा मोजला. तोही एक सेंटिमीटरने उतरला होता!

चौकशी केली. आमच्या सिस्टर कापडी टेप रोज धुवत, आणि सुरकुती पडू नये म्हणून तिच्या टोकाला कुलूप अडकवून वाळत घालत. टेप ताणली गेली होती, म्हणून प्रत्येक माप कमी येत होते.

मी पोलादी टेप मागवली आणि पाचही जणींना पुन्हा मोजले. मग गंगाक्काला समोर बसवले.

"आक्का, तुमचा पाय होता तेवढाच आहे. उभ्याचे काम थांबवायला हवे."

तिने दाराकडे पाहिले. बाहेरच्या बाकावर मुकादम येऊन बसला होता, निकाल ऐकायला.

तिने टेबलावरची जुनी टेप उचलली, माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाली, "बाई, त्येच्याम्होरं हीच लावा."