ओला कापूस

माझी बायको गेली तेव्हा तिच्या तोंडात कुणी चमचाभर पाणी घातलं नाही. मी घालू दिलं नाही. गावात अजून बोलतात. बोलू दे.

तिला अन्ननळीचा कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. घर आमचं तारापूरकडं, किनाऱ्याला लागून. पोरगा बोईसरला कंपनीत, पाळीवर. दिवसभर मी आणि ती. पालघरहून एक सिस्टर स्कूटीवर यायची. तिनं मला शिकवलं. कूस कशी बदलायची, दुखणं कमी करायची औषधाची पट्टी दंडावर कशी चिकटवायची, बोटाला ओला कापूस गुंडाळून तोंड आतून कसं पुसायचं. मी पहिल्यांदा पुसायला गेलो तर सिस्टर म्हणाली, "बाबा, जाळं धुताय का? हळू."

बायको हसली. तेव्हा तिला हसता येत होतं. पुढं रोज मी कापूस बाहेर काढला की विचारायची, "काय गावला आज जाल्यात?"

तिची धाकटी बहीण वाणगावच्या पुढं दिलेली. दोघींनी जन्मभर मनोरच्या बाजाराला सुकी मासळी विकली, एकाच गोणपाटावर बसून. ती भेटायला आली ती ओल्या बोंबलाचं कालवण घेऊन. आमच्यात ज्याला दात नाहीत, ज्याला गिळवत नाही, त्याला ओला बोंबील देतात. तोंडात गेल्या गेल्या त्याचं पाणी होतं. मलाही वाटलं, बोंबलानं काय होणार. मीच तिची मान उचलून धरली. बहिणीनं भरवला. पहिला घास गेला, दुसरा श्वासात अडकला. तोंड काळंनिळं झालं. कुशीवर वळवून, बोट घालून मी तो काढला. मग ताप आला तो उतरेचना.

सिस्टर म्हणाली, "आता तोंडातून काही नाही. पाणीसुद्धा नाही. गिळायची ताकद गेली आहे, जे घालाल ते छातीत जाईल. ओठ तेवढे ओले ठेवा."

सिस्टर गेल्यावर बायकोनं मला जवळ बोलावलं.

"बुडाल्यासारका झाला मना. कुनाला कायपन वतू देऊ नका माज्या तोंडात. शेवटचा पानी पन नको."

"नाय देनार."

"बहीन आयकायची नाय."

"तिला मी बगतो."

त्यानंतर ती असं सलग कधी बोलली नाही.

शेवटच्या पाण्याचं मला कुणी सांगायला नको. आई गेली तेव्हा मी समुद्रात होतो. बाप गेला तेव्हाही. बोट किनाऱ्याला लागत होती आणि चुलतभाऊ एकटाच पुळणीवर उभा. हाक मारली नाही त्यानं, तरी कळलं. बोटीवरच्या माणसाला ते पाणी घालायला मिळत नाही. तेव्हा मी बायकोच्या बहिणीला काय नाकारणार होतो, ते मला माहीत होतं.

पुढं एका सकाळी बायकोच्या घशात घरघर लागली. सिस्टरला फोन केला. म्हणाली, कुशीवर ठेवा, डोकं थोडं वर. हा आवाज आपल्याला ऐकवत नाही, त्यांना त्याचा त्रास नाही. मी तसं ठेवलं. पोरगा पाळीवर होता, त्याला आणि बहिणीला निरोप धाडला. बहीण येईपर्यंत घर बायांनी भरलं होतं, पोरगा अजून पोचला नव्हता. आली ती सरळ चुलीकडं गेली, वाटीत पाणी घेतलं, तुळशीचं पान टाकलं, चमचा घेतला.

मी तिचं मनगट धरलं.

"सोडा भावजी."

"नाय."

"घसा सुकलाय तिचा. आवाज येत नाय तुमाला? तानेली मारता काय माज्या बहिनीला?"

"तिनंच सांगितलाय."

"बोंबील माज्या हातचा व्हता म्हनून राग काडता काय?"

"राग नाय गो. बुडंल ती."

"चमचाभर पान्यात कोन बुडालाय आजवर?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "त्याला सिस्टरनं शिकवलाय. आता तो डाक्टर झालाय."

दोघी-तिघी हसल्या. अशा वेळीही माणसं हसतात. मी मनगट सोडलं नाही. ती हात ओढत होती, पाणी माझ्या पायावर सांडत होतं. मग मी दुसऱ्या हातानं कापसाचा बोळा तिच्याच वाटीत बुडवला, घट्ट पिळला आणि तिच्यापुढं धरला.

"ह्यो घे. ओठाला लाव. तुज्याच हातानं लाव."

तिनं तो लगेच घेतला नाही. मग चमचा खाली टाकला, खाटेशी बसली आणि बोळा घेतला. मी तिच्या बोटांवर नजर ठेवून उभा. तिनं दाबला तर हात बाजूला करायचा, एवढंच माझ्या डोक्यात. तिनं दाबला नाही. वरच्या ओठावर फिरवला, खालच्या ओठावर फिरवला, परत वरच्या. मग मागं सरली.

उन्हं उतरायच्या आत घरघर थांबली. बाया रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. दंडावरची पट्टी तशीच होती, ती मी काढली. काढलेली पट्टी दुमडून ठेवायची, असं सिस्टरनं सांगितलं होतं. मी दुमडली.

बाराव्याचं जेवण उरकल्यावर बहीण ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

"भावजी, येक इचारू? चोखला ना तिनं कापूस? माजे डोले भरलेले, मना दिसला नाय. तुमी जवल व्हता."

"चोखला," मी म्हणालो.

"खरा?"

"दोनदा चोखला गो."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रिक्षा धरायला गेली.

बायकोच्या तोंडाकडं मी बघितलंच नव्हतं. मी हाताकडं बघत होतो.